सोमवारी सुरू झालेलं चिलिंग सेंटर

हैदराबादच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी काही वर्षं काढली. नांदेडला आयटीआय केलं होतं, अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर हात बसला होता आणि पगार वेळेवर होत होता. तक्रार एकच होती. माझं लग्न झालं होतं आणि बायको इकडं गावी होती. मी सणाला यायचो, पाहुण्यासारखा राहायचो, मग ती भाकरी बांधून द्यायची आणि मी एसटीत बसायचो.

माझ्या बापानंही जन्मभर हेच केलं. तो नांदेडच्या कापडगिरणीत आणि आम्ही गावाकडं. तो आला की आई शिरा करायची, म्हणून तो यावा असं वाटायचं. पण तो आल्यावर मी दाराआड लपायचो. एकदा तर त्याच्यासमोरच मी आईला विचारलं होतं, "हे परत कधी जाणार?" बाप ताटात बघून जेवत राहिला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या हिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी मात्र हैदराबादच्या खोलीत मला ते ताट आठवलं. माझ्या लेकरानं मला दाराआडून बघू नये, एवढीच माझी इच्छा होती.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. त्याआधी साधा दाखला काढायचा तरी उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता सगळं लातुरातच, म्हणून लोक खुशीत होते. कचेऱ्यांच्या पाट्या बदलायला रंगारी कमी पडत होते. एका रंगाऱ्यानं घाईघाईत एका दवाखान्यावर तहसील लिहून ठेवलं होतं असं लोक सांगायचे, खरंखोटं देव जाणे. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला नवी कामंही आली. त्यातलं एक दुधाचं चिलिंग सेंटर चाकूरच्या अलीकडच्या एका गावाला मंजूर झालं, आणि ते गाव नेमकं माझी सासरवाडी निघालं.

मी अर्ज केला आणि मला ऑपरेटर म्हणून घेतलं. पण कच्चं. यंत्र सुरू झालं, चाललं, तर पक्कं.

सासरवाडीत नोकरी करणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. ही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मी सेंटरच्या खोलीवर झोपणारा, आणि जेवायला दोन्ही वेळा सासूबाईंच्या चुलीपुढं. सगळं गाव मला जावईबापू म्हणायचं. पाना हातात घेऊन पाइपाच्या फ्लँजखाली उताणा पडलेल्या माणसाला कुणी "जावईबापू, चा घ्या" म्हटलं की त्याचा धाक राहत नाही. बरं, जावई म्हणून त्यांना माझ्यावर ओरडता येत नव्हतं आणि जावई म्हणूनच मलाही त्यांच्यावर ओरडता येत नव्हतं. माझ्यासारख्या तापट माणसाला हा मोठा जाच होता. नवं यंत्र आणि नवा जावई, गाव दोघांकडं सारखंच टक लावून बघत होतं.

जिल्हा नवा झाला, पण पाऊस काही नवा आला नाही. मृग कोरडा गेला, आषाढ कोरडा गेला. श्रावण लागला तरी रानात हिरवं काही नव्हतं. निम्मी जनावरं सरकारी छावणीत उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्यांच्या पाल्यावर, उभी होती. पीक गेलेलं असताना घरात रोज काही येत असेल तर ते दूधच होतं, आणि तेही धड विकलं जात नव्हतं. सकाळी कॅन एसटीच्या टपावर चढवून लातूरच्या हॉटेलांना पाठवायचे. उन्हात गाडी उशिरा पोचली की दूध फाटायचं आणि कॅन तसाच परत. सेंटर झालं की दूध गावातच गार होणार, टँकर येऊन घेऊन जाणार. बायकांना हे हिशोबानं कळत होतं, कारण दुधाचे पैसे त्यांच्या हातात यायचे.

दूधसंघानं यंत्र चालू करून द्यायला पुण्याचे एक इंजिनिअर साहेब पाठवले होते. कमी बोलणारे, कामाला पक्के. आम्ही दोघांनी मिळून ते सेंटर उभं केलं. आधी पाइपांत नुसती हवा भरून दाब धरतो का बघायचं, सांध्यांना साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की तो सांधा पुन्हा आवळायचा. मग अमोनिया सोडायचा आणि गंधकाची काडी पेटवून सांध्यासांध्यापाशी फिरवायची. कुठं गळत असेल तर पांढरा धूर होतो. थंड पाण्याच्या टाकीत नळ्यांवर पहिल्यांदा बर्फ धरला तेव्हा अख्खी शाळा बघायला आली होती. दुष्काळात आपल्या गावात बर्फ तयार होतोय याचंच सगळ्यांना नवल.

पाण्याला मात्र जपावं लागत होतं. यंत्र आपल्या बोअरचं पाणी पितं असा गावाचा संशय होता. तेच पाणी गोल फिरून परत येतं हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी घसा बसला. दुधाचे पाइप धुऊन झाल्यावर शेवटचं साधं पाणी ओतून न देता छावणीच्या हौदात सोडायचं, अशी अट गावानं घातली आणि साहेबांनी ती पाळली.

सगळं जुळल्यावर साहेबांनी मला आणि आप्पांना समोर बसवलं. आप्पा म्हणजे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. किराणा दुकान, थोडी शेती, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे आणि बोलण्यात गोडवा. साहेब म्हणाले, "स्पष्ट सांगतो. संघात काही जणांचं म्हणणं आहे की या दुष्काळी गावात दूध मिळणार नाही. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरकडच्या लोकांनी हेच सेंटर मागितलंय. तिथं कालव्याचं पाणी आहे, चारा आहे. येत्या आठवड्यात संघ एकच दिवस टँकर देणार आहे. त्या दिवशी मी यंत्र दुधावर चालवून टँकर पाठवला तर सेंटर इथं राहील. टँकर रिकामा गेला तर यंत्र उचलून तिकडं जाईल."

ते गेलं की माझी कच्ची नोकरीही गेली आणि मी परत हैदराबादला. हिचा नववा महिना लागला होता.

"दिवस तुम्ही ठरवा," साहेब म्हणाले.

आप्पांचा चेहरा उजळला. "सोमवार. श्रावणातला सोमवार, म्हादेवाचा वार. यापरीस चांगला मुहूर्त कंचा?"

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ते आठवलं की आजही मला स्वतःच्याच डोक्यात पाना घालावासा वाटतो.

सोमवारी मी उजाडायच्या आधीपासून कॉम्प्रेसरपाशी होतो. टाकीत बर्फ दाट धरला होता. दुधाची वाट धुऊन लख्ख केली होती. दाराला आंब्याचे डहाळे, यंत्राला हळदकुंकू, आणि बाहेर रस्त्यावर टँकर. हॉटेलला जाणारे कॅन आज एसटीवर न चढता इकडं येणार होते. मी उपाशी होतो, कारण सोमवार होता. समोरून बायका डोक्यावर घागरी घेऊन देवळाकडं जाताना दिसल्या. त्यात सासूबाईही होत्या. मला वाटलं, पाणी असेल.

दूध यायची वेळ झाली. कुणी आलं नाही. वेळ टळली, तरी कुणी नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बऱ्याच वेळानं छावणीकडून एक म्हातारा तळाशी थोडं दूध असलेला कॅन घेऊन आला. मी त्याला विचारलं, "बाकीचे कुठं आहेत?"

"द्योळात," तो म्हणाला. "आज सोमवार न्हाई का. सोमवारी दूध इकतेत व्हय कुनी?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. श्रावणी सोमवारी आमच्याकडं कुणी दूध विकत नाही. ते महादेवाचं. दर श्रावणात सोमवारचे कॅन एसटीवर चढतच नाहीत, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि इतकं ठाऊक होतं की ते कुणी कुणाला सांगितलं नाही. मुहूर्त काढणाऱ्या आप्पांच्या घरची घागर तर सगळ्यांच्या आधी देवळात पोचली होती. मी स्वतः उपास धरून दुधाची वाट बघत बसलो होतो.

साहेबांना मी हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आज टँकर रिकामा जाणार. उद्याचा दिवस संघ देणार नाही." आणि अहवाल लिहायला खिशातून पेन काढलं.

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हणालो आणि देवळाकडं पळालो.

देवळात सगळं गाव होतं. त्या दिवशी महादेव कोंडायचा होता. आमच्याकडं पाऊस फारच ताणला की हे करतात: गाभाऱ्यातून पाणी बाहेर जायची वाट चिखलाचिंध्यांनी बुजवायची, आणि पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरायचा. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो. पुरुष माणसं दूरच्या विहिरीवरून पाणी आणून ओतत होती. पाणी पिंडीला लागलं होतं. वरून दुधाचा अभिषेक व्हायचा होता, म्हणून मंडपाच्या गार दगडावर दुधाच्या घागरी, चरव्या, तांबे रांगेनं मांडलेले होते. अख्ख्या गावाचं दूध माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यातला एक थेंब माझा नव्हता.

मी चपला काढल्या एवढं भान राखलं. बाकी सगळं सुटलं. "आप्पा, यंत्र चालू करायचंय का न्हाई? टँकर रिकामा चाललाय! तुमीच मुहूर्त काढला अन् तुमीच इथं येऊन बसला!"

आप्पांनी जीभ चावली. काय झालंय ते त्यांना क्षणात समजलं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "जावईबापू, देवाच्या दारात कामून वरडायलाव?"

गुरवानं त्यात तेल ओतलं. "देवाला आनलेलं दूध माघारी न्यायचं नसतंय. पाप हाय ते."

मी आणखी काहीतरी बोलणार होतो, आणि ते बोललो असतो तर माझं त्या गावातलं अन्नपाणी तिथंच संपलं असतं. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली आमची ही उठली. एक हात कमरेवर, एक हात खांबावर. गावची सून असती तर तिला आप्पांसमोर पदर सावरून मुकाट बसावं लागलं असतं. पण ती गावची लेक होती. लहानपणी आप्पांच्या दुकानातला गूळ पळवून खाल्लेली लेक. तिला बोलायला कुणाची मुभा लागत नव्हती.

"आप्पा, येक इचारू का? म्हादेवाला कामून कोंडायलाव?"

"आता हे काय इचारनं झालं, पोरी? पाऊस पडावा म्हनून."

"म्हंजी त्यो पान्यात गुदमरावा, अन् कटाळून त्यानं पाऊस सोडावा. व्हय ना?"

"हाव."

"मग दुधात कामून बुडवायलाव? पान्यात कोंडलं तर त्यो घाबरंल. दुधात कोंडलं तर त्यो मजेत बसंल की! वरून म्हनंल, येऊ द्या अजून येक घागर. पाऊस कशाला पाडतोय त्यो?"

आधी सगळ्यांत म्हातारी बाई खुदकन हसली. तिच्या तोंडात दात नव्हता, त्यामुळं ते हसू जास्तच मोकळं झालं. मग तिच्या शेजारची हसली, मग पाणी वाहणारे गडी हसले, आणि आप्पांनी उपरण्यात तोंड लपवलं. ते हसत होते हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

गुरव एकटाच अडून होता. "अन् पापाचं काय?"

"काका, उंबऱ्याच्या आत गेलं ते देवाचं," ही म्हणाली. "ह्ये समदं अजून मंडपात हाय. ह्ये गाईचंच हाय." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "घरटी येक तांब्या घाला देवाला. बाकीचं तिकडं जाऊ द्या. ह्यांना परत हैदराबादला धाडू नगा."

हे शेवटचं ती गुरवाला म्हणाली की गावाला, मला आजही सांगता येत नाही. बायकांनी मात्र ते ऐकलं. एकेकीनं आपली घागर ओढून घेतली, तांब्याभर दूध काढून उंबऱ्याच्या आत दिलं आणि उरलेली घागर डोक्यावर चढवली. आप्पांनी फक्त एक अट घातली. यंत्रातून निघालेलं पहिलं गार दूध महादेवाला यायला पाहिजे.

घागरींची रांग येताना बघून साहेबांनी पेन खिशात ठेवलं. पण हसले नाहीत. "सकाळपासून ठेवलेलं दूध आहे. फाटलं असेल तर घेता येणार नाही." मग प्रत्येक घागरीतलं थोडं थोडं दूध नळीत घेऊन उकळून बघणं सुरू झालं. एकेक नळी गरम होताना मी श्वास धरून उभा होतो, आणि माझ्यामागं ती घागर आणणारी बाई. काही घागरी बाद झाल्या. त्यातली एक सासूबाईंचीच होती. मी वर न बघता "चालणार नाही" म्हणालो आणि त्या घागर घेऊन गेल्या. पण मंडपातल्या दगडानं बाकीचं दूध राखलं होतं.

मी पंप सुरू केला. दूध गार करणाऱ्या पत्र्यांच्या चिलरमधून फिरलं आणि पलीकडच्या नळातून आलं. थर्मामीटर चार अंशांवर येऊन थांबला. साहेबांनी तो स्वतः पाहिला, पुसला, पुन्हा घालून पाहिला.

पहिला तांब्या मी घेऊन गेलो. वाटेत पितळेला दव धरलं आणि माझी बोटं बधिर झाली. गुरवानं तांब्या हातात घेतला आणि दचकला. देवळात जो तो त्या तांब्याला हात लावून बघत होता. मघाची ती म्हातारी म्हणाली, "कैलास सोडल्यापून येवढं गार काय मिळालं आसंल त्याला!" गुरवानं ते दूध पिंडीवर सोडलं. त्याच्या तोंडावरचा राग तेव्हा गेला.

पण टँकरचं भागेना. झाकण उघडून आत बघितलं तर दूध तळाशीच होतं. साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबतो असं तुम्हाला म्हणालो नव्हतो, पण थांबतो." संध्याकाळचं दूध घरी खिरीला लागतं, सोमवार सोडायला. त्या दिवशी गावात कुणी खीर केली नाही. गूळ आणि भाकरीवर सोमवार सोडला. हिचं ते दुधात मजेत बसणाऱ्या महादेवाचं बोलणं तोवर आजूबाजूच्या गावांत पोचलं होतं. तिकडून सायकलींवर कॅन आले. छावणीतून आले. जो येई तो दूध ओतायच्या आधी विचारी, "ती म्हननारी कंची?"

दिवस मावळताना टँकर अर्ध्याच्या थोडा वर भरला. साहेबांनी काठी घालून माप घेतलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आप्पा माझ्या तोंडाकडं.

"श्रावणात सोमवार किती येतात?" साहेबांनी विचारलं.

"चार. येखाद्या साली पाच," आप्पा म्हणाले.

"मग श्रावणात सोमवारी मी टँकर संध्याकाळीच पाठवत जाईन. पुढच्या श्रावणातही." मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, "तुम्ही राहणार ना इथं? हे यंत्र माहीत असलेला माणूस मला पाहिजे."

मला हो म्हणायचं होतं. मी नुसतीच मान हलवली आणि कॉम्प्रेसर बघायचं निमित्त करून आत गेलो, कारण डोळे भरून आले होते आणि बाहेर सगळी सासरवाडी उभी होती.

पाऊस त्या श्रावणात आलाच नाही. गुरव पुढं कित्येक वर्षं त्याचं खापर आमच्या हिच्यावर फोडायचा, पण दूध मात्र रोज सेंटरला घालायचा. त्या वर्षी गावातली बरीच घरं त्या दुधावर तगली.

महिन्याच्या आत एके दिवशी दुपारी मी भाकरी खायला घरी गेलो, तर सासूबाईंनी मला दारातच थांबवलं. आत सुईण होती. मी ओट्यावर बसलो. उठलो. पुन्हा बसलो. मग आतून रडण्याचा आवाज आला, चिडका आणि खणखणीत. दार उघडलं. सासूबाई म्हणाल्या, "मुलगी हाय. हात धुवून या."

मी हात धुतले आणि आत गेलो. सासूबाईंनी लेकीला माझ्या हातात दिलं, आणि तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडं पाहिलं.